साहेबांच्या वाटची गोळी

पुण्यातल्या एका जुन्या मिशन रुग्णालयात मी डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. एका बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या आईला सारखी चक्कर यायची. मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या होत्या, पण आजींचा भरवसा आमच्यावर. मुलाचा जन्म आमच्याकडचा. मग मला बंगल्यावर बोलावणं आलं.

कर्वेनगरहून स्कूटरने गेले. आजींचा रक्तदाब फारच कमी होता. त्यांची रक्तदाबाची गोळी मी निम्मी केली. आठवड्याने पाहिलं, फरक नाही. मग बंदच केली. तिसऱ्या खेपेला कपाळावर टेंगूळ! आदल्या दिवशी बाथरूमच्या दारात पडल्या होत्या.

"आजी, बंद केलेली गोळी घेत नाही ना?"

"न्हाई बाई. माझी न्हाई घेत."

मी थबकले. सूनबाई चहा आणायला आत गेल्या, तेव्हा हळूच विचारलं, "मग कुणाची घेता?"

"लेकाची," त्या पुटपुटल्या. "सून रोज ताटाशेजारी ठिवती, त्यो तसाच उठून जातो. मंग दोघांची भांडणं. म्हणून मीच टाकते तोंडात. औषध हाय, वाया कशाला घालवायचं?"

हसावं की रागवावं, कळेना. मी म्हटलं, "साहेबांना सांगावं लागेल."

"सांगा. पर त्याला वरडू नका."

साहेब दुपारी जेवायला आले. त्यांचा रक्तदाब पाहिला तर भलताच चढलेला. मी सगळं सांगितलं. या माणसासमोर कचेरीतले लोक चळाचळा कापतात असं ऐकलं होतं. तेच साहेब आईच्या पायाशी जाऊन बसले.

"आये, काय केलंस हे? जीव गेला असता की तुझा."

"तुझा जाऊ नये म्हणून बोंबलत हुती ना ती," आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मला काय, भांडण नको हुतं."

सूनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. साहेबांनी तिथेच गोळी घेतली.

पंधरा दिवसांत आजी अंगणात फिरू लागल्या. साहेब नंतर तपासणीला आमच्याकडेच यायचे, रांगेत बसायचे. एकदा मी विचारलं, "गोळी नियमित घेता ना?"

"न घेऊन जातो कुठे? आई समोर बसते. आ करून दाखवल्याशिवाय उठू देत नाही."