दवाखाना बघायचा कार्यक्रम

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांचा या जगात कशावरही विश्वास नाही. वर्तमानपत्रावर नाही, पंचांगावर नाही, हवामान खात्यावर नाही आणि माझ्यावर तर लग्न ठरलं त्या दिवसापासून नाही. हिमायतनगरात त्यांच्या घराखालीच इराणी हॉटेल आहे. तिथला वेटर चहा ताजा आहे म्हणाला की काका विचारतात, "कधी केला?" तो सांगतो ते शांतपणे ऐकून घेतात आणि मग उठून स्वतः आत जाऊन बघून येतात. बातमी असो, औषध असो, अफवा असो की आंबा, त्यांचे प्रश्न ठरलेले : हे कोण म्हणतं, कशावरून म्हणतं आणि असं म्हटल्यानं त्याला काय मिळतं? आंब्याला हे प्रश्न कसे लागू होतात ते बघायचं असेल तर त्यांच्याबरोबर बाजारात जावं. मी एकदाच गेलो. त्या गाडीवाल्यानं मला नंतर कधी आंबे दिले नाहीत.

काकांची सारी नोकरी सरकारच्या विधी खात्यात अनुवाद करण्यात गेली. उर्दूतला कायदा इंग्रजीत, इंग्रजीतला तेलुगूत. त्यामुळे कलम, पोटकलम आणि 'परंतु असे की' यांच्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हैदराबादेतल्या मराठी घरांची एक मोठीच सेवा अंगावर घेतली, ती म्हणजे स्थळांच्या चौकशा. बरकतपुऱ्यापासून काचीगुड्यापर्यंत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की पत्रिका नंतर जुळायची, आधी काका जाऊन यायचे. ते मुलाच्या घरी जात नसत, म्हणजे गेले तरी सर्वांत शेवटी. आधी गल्ली, मग दुकानं, मग मुलाचं ऑफिस, मग आजूबाजूच्या गच्च्या. एका इंजिनिअर मुलाला त्यांनी नकार दिला तेव्हा केवढी बोलाबोली झाली होती. काका म्हणाले, "मुलगा सज्जन आहे असं सगळे म्हणतेत. पण घरचं कुत्रं त्याला पाहून पलंगाखाली शिरतंय. मी कुत्र्याचं मानतो." मुलीचा बाप वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मुलगी मात्र अजून दर दिवाळीला त्यांना चिवडा पाठवते.

असा माणूस समारंभात शेजारी बसला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. बरकतपुऱ्यातल्या एका मुंजीत एक गृहस्थ सांगत होते की मन उदास असलं तर अमुक पाल्याचा रस सकाळी घ्यावा, हमखास गुण. काकांनी भात कालवता कालवता विचारलं, "किती लोकांना दिला? ज्यांना गुण आला नाही ते कुठं हायेत? त्यांना भेटायचंय." गृहस्थ जिलबी न खाता उठले. मी त्यांची समजूत काढायला मागे गेलो, तेवढ्यात माझीही जिलबी गेली. काकांच्या सहवासात माझं असं नेहमीच काही ना काही गेलेलं आहे.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण दोन वर्षांपूर्वी मला हसू येत नव्हतं. आमचा एकुलता मुलगा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आधी रात्रीचं काम म्हणून दिवसा झोपायचा. मग काम सुटलं आणि झोप राहिली. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं. जेवण ठेवलं तर दोन घास खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. भांडला असता, ओरडला असता तर एक वेळ बरं वाटलं असतं. पण पंखा लावा की बंद करा, त्याचं काहीच म्हणणं नसे. ओळखीचे डॉक्टर घरी येऊन, त्याच्याजवळ बराच वेळ बसून गेले. म्हणाले, "जिवाला लगेच धोका दिसत नाही, पण हा आजार आहे, आळस नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रेंगाळू नका." न्या म्हणणं सोपं होतं. तो खोलीबाहेर यायला तयार नव्हता, आणि कुठं न्यावं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नातेवाइकांना आम्ही कावीळ सांगितली. मुलाचं लग्न व्हायचं होतं, आणि आमच्यात या आजाराचं नाव काढलं की सात पिढ्यांची पत्रिका उघडतात. कावीळ ऐकून प्रत्येक घरून उसाचा रस यायला लागला. मुलगा काही घेत नव्हता, टाकून देणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तो रस मी पीत होतो. महिनाभरानं माझीच साखर वाढली. आणि अशातच एके दिवशी माझ्या बायकोनं खरी गोष्ट काकांना सांगून टाकली. काकांना! अख्ख्या गावाच्या सोयरिकी ज्यांच्या जिभेवर, ज्यांचा पहिला प्रश्नच 'घरात कुणाला काही आजार?' हा असतो, त्यांना! मी डोक्याला हात लावून बसलो. तोवर काका चप्पल काढून आत आले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "दवाखाना निवडायचा म्हणजे स्थळ बघायचंच काम हाय. माझ्यावर सोडा." डॉक्टरांचं 'रेंगाळू नका' हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं, आणि तरीही ते आपल्या सावकाश पद्धतीनंच कामाला लागले. यापुढच्या दिवसांत माझा जो छळ झाला तो मी शत्रूवरही ओढवू देणार नाही. मी मोबाइलवर एका केंद्राचं पान काढून दाखवलं. हिरवळ, कारंजं, योगासनं करणारी हसरी माणसं आणि पाचपैकी पाच तारे. काकांनी भिंग काढून तारे पाहिले. "हे तारे कोणी दिले?" मी म्हटलं, लोकांनी. "कोणते लोक? ह्यो फोटोतला माणूस पेशंट हाय का मॉडेल? पानावर डॉक्टरचं नाव कुठाय? कधी लिहिलंय हे?" मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसरं पान काढलं, तिथेही तेच. तिसऱ्या पानावर तोच हसरा माणूस दुसऱ्याच गावच्या केंद्रात योगासनं करत होता, तेव्हा मी मोबाइल खिशात घातला.

मग ते मला अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात घेऊन गेले. मानसिक आरोग्याचा कायदा काय म्हणतो ते आधी बघायचं. घरात मूल अंथरुणाला खिळलंय आणि हा माणूस व्याख्यांचं कलम वाचतोय! मी म्हटलं, "काका, कायदा कशाला? आपल्याला डॉक्टर पाहिजे." त्यांनी मान वर केली नाही. "मुलीकडच्यांचे हक्क काय हे ठाऊक नसलं की बैठकीत बोलता येत नाही." त्यानंतर त्यांनी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं तेलुगूत नाव विचारलं तर यांनी आधी तिचं शिक्षण विचारलं, ती कुणाच्या हाताखाली काम करते ते विचारलं, आणि शेवटी ती जेवली का तेही विचारलं. मी शेजारी बसून दातओठ खात होतो. पण ती मुलगी चिडली नाही. केंद्राची सरकारदरबारी नोंदणी कुठं तपासायची, आत गेल्यावर काय काय विचारायचं, हे तिनं नीट समजावून सांगितलं. फोन ठेवून काका खुशीत म्हणाले, "संस्कारी हाय."

आणि मग सुरू झाला दवाखाने बघायचा कार्यक्रम. कारंजावाल्या केंद्रात मॅनेजरनं आम्हाला थंडगार सरबत दिलं आणि शंभर टक्के गुणाची हमी दिली. काकांनी सरबत बाजूला ठेवलं. "बरं न झालेले किती?" एकही नाही म्हणे. "मग घरी गेल्यावर परत बिघडलेले?" तेही नाहीत. काकांनी नोंदणीचा कागद मागितला, तो नूतनीकरणाला गेला होता. स्वयंपाकघर बघायचं म्हणाले, तिथं फरशी पुसणं चालू होतं. खोल्यांच्या कड्या आतून आहेत की बाहेरून, हे विचारल्यावर मॅनेजरला अचानक फोन आला. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून निघालो तर हे महाशय समोरच्या झाडाखाली उभे राहिले. भेटीचा वार होता. बऱ्याच वेळानं एक बाई डबा घेऊन आली. फाटकावरच्या माणसानं डबा ठेवून घेतला आणि बाईला बाहेरूनच परत पाठवलं. काका बसमध्येही घाम पुसत राहिले.

दुसरं ठिकाण म्हणजे एका साध्या रुग्णालयातला मनोविकार विभाग. रंग उडालेल्या भिंती, बाहेर गर्दी. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, औषध, डॉक्टरांशी बोलणं, बाकीच्या रुग्णांबरोबर थोडं काम आणि आठवड्यातून एकदा घरच्यांनाही बोलावून समजावणं, असा त्यांचा रिवाज. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काकांनी विचारलं, मुलगा किती दिवसांत बरा होईल? बाई म्हणाल्या, "माहीत नाही. आधी मला त्याला भेटू द्या." माझा चेहरा पडला आणि काकांचा फुलला. जिना उतरताना म्हणाले, "माहीत नाही म्हणाली! ऐकलं का? असं स्थळ मिळत नाही." 'माहीत नाही' म्हणणाऱ्या बाईच्या हवाली मी माझा मुलगा करणार नव्हतो. काका मात्र तिथल्या रुग्णांची डाळ चाखून तिसऱ्या ठिकाणी निघाले, शहराबाहेर.

तोवर माझा धीर सुटला होता. मुलाचे हात काटक्यांसारखे झाले होते. मी कारंजावाल्या मॅनेजरला गुपचूप फोन केला. तो म्हणाला, "साहब, वो नै आता बोले तो भी फिकर नक्को. रविवारी आमची गाडी येईल, दोन माणसं येतील, उचलून नेतील. तुम्ही फक्त दार उघडा." बायको रडली, पण नाही म्हणाली नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर काका! माझ्या बायकोचं तोंड कधीच बंद राहत नाही, हे मी विसरलो होतो.

त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत नेऊन मुलाच्या दारात मांडली आणि त्यावर बसले. थोड्या वेळानं गाडी आली, दोन आडदांड माणसं वर आली. काकांनी दोघांना विचारलं, "कुणाच्या हुकमानं? डॉक्टर कुठाय तुमचा? पेशंटला तपासलं कधी? कागद दाखवा." एकानं माझ्याकडे बोट केलं. काका म्हणाले, "ह्यो बाप हाय, मॅजिस्ट्रेट न्हाई." आणि त्यांनी कायदा पहिल्या कलमापासून म्हणायला सुरुवात केली. ती माणसं रोज दणकट लोकांना उचलत असतील, पण व्याख्यांच्या कलमापुढं टिकली नाहीत. गाडी गेली. मी काकांवर ओरडलो, "काका, मुलगा हातचा जातोय माझा! आता कुणाला विचारायचं राहिलंय?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलाला विचारलं का?"

सगळ्या गावाला विचारून झालं होतं, अगदी फाटकापर्यंत. ज्याचं ठरवत होतो त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी दार ढकललं. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. काका म्हणाले, "बाळा, तुझ्यासाठी तीन ठिकाणं काढलीत. तुला पसंत पडंल तेच. न्हाई म्हणायचा तुला अधिकार हाय, म्या म्हणत न्हाई, कायदा म्हणतोय. वाचून दाखवतो." आणि त्यांनी वाचलं. आधी इंग्रजीतून. मग मराठीतून, आणि पोराला अवघड मराठी येत नाही म्हणून प्रत्येक शब्द पुन्हा सोपा करून. मग खात्री म्हणून तेलुगूतून. मग तिन्ही ठिकाणांची माहिती, कड्या, डाळ, फाटक, सगळं. मी दाराला टेकून हताशपणे ऐकत होतो. काका 'परंतु असे की' पाशी तिसऱ्यांदा आले, तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

"हौ आजोबा, समजलं. बस करा ना."

काका थांबले. मुलगा इकडच्या कुशीवर वळला. "ते भेटू देत नाहीत ते नक्को. बाहेरचं लई दूर आहे. दुसरं बघू. उद्या." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "बाबा, ह्यांना घेऊन जा ना यार. दिमाग खाऊन राहिले सकाळपासून."

माझा मुलगा वैतागला होता. किती दिवसांनी त्याला कशाचं तरी काही वाटलं होतं! मी काकांना हाताला धरून बाहेर आणलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडलो. काका बाहेरून बायकोला सांगत होते, "चहा टाक गं. ताज्या दुधाचा."

तो दुसऱ्या दिवशी गेला, हे खरं. लगेच बरा झाला असं मात्र नाही. औषधं बदलावी लागली, मधे एकदा सगळं पुन्हा बिघडलं, आणि डॉक्टरीणबाई अजूनही बऱ्याच गोष्टींना माहीत नाही म्हणतात. कावीळ झाली होती असं आम्ही आता कुणाला सांगत नाही. आता तो अर्ध्या वेळेची नोकरी करतो. काकांना हल्ली जिने चढवत नाहीत, म्हणून दर रविवारी तोच हिमायतनगरला जातो आणि परत येऊन त्यांच्याविषयी तक्रारी करतो. त्यांनी चहा कसा तीनदा परत पाठवला, पेपरातली एक बातमी कशी तासभर उलटतपासली. मी त्याच्या शेजारी बसून सगळं ऐकतो. एखाद्या रविवारी मात्र त्याचं दार उघडत नाही, आणि घरात कुणी काकांचं नाव काढत नाही. अशा दिवशी मी बाहेर बसून असतो आणि वाट बघतो, की हा उठेल, तिकडे जाऊन येईल आणि त्या म्हाताऱ्याला नावं ठेवेल.