दत्तरावांच्या दाढेचं तिसरं मूळ

ज्वारीची रास पडली, की सेलूजवळच्या त्या खेड्यात दत्तरावांना बोलावणं यायचं. पोती भरण्याआधी ते चार दाणे दाढेखाली फोडून ओल आहे की नाही ते सांगायचे. डावीकडच्या दाढा केव्हाच पडल्या होत्या. उजवीकडं खालची एकच धड उरली होती आणि नेमकी तीच ठणकायला लागली.

परभणीला डॉक्टर रुपाली यांच्याकडं रूट कॅनल सुरू झालं. मुळं साफ केली, वरून कच्चं सिमेंट भरलं, तरी ठणका जाईना.

"नस मारली म्हणता, मग मेलेली नस माझ्यासंगं भांडायलीय कशी?" दत्तराव वैतागले.

डॉक्टरीनबाईंनी तिरका एक्सरे काढला आणि कपाळाला हात लावला. "काका, या दाढेला बहुतेकांना दोन मुळं असतात. तुम्हाला जिभेच्या बाजूनं तिसरं आहे, आकड्यासारखं वाकडं. सुई आत वळता वळत नाही. उरलेलं पुढच्या वेळी. तोवर या बाजूनं काही चावायचं नाही."

मागं उभ्या कोंडाबाई नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "माणूसच वाकडा, मुळं सरळ कुठून यावीत?"

पुढच्या खेपेला दाढेत सिमेंट नव्हतंच. ज्वारीचं पीठ निघालं.

"भगवानरावाची रास होती," दत्तराव पुटपुटले. "हात आपसूक तोंडाकडं गेला."

त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टरीनबाई चिडल्या. "आता एक दाणा जरी चावलात, तर दाढ फुटेल. मग उपटण्यावाचून इलाज नाही!"

दोन दिवसांनी आभाळ भरून आलं. शेजारचा परमेश्वर मूठभर ज्वारी घेऊन पळत आला. "दत्तराव, पोती भरू का? लवकर दात लावा!"

दत्तरावांनी दाणे उचलले. तेवढ्यात कोंडाबाईंनी ते हिसकावून स्वतःच्या तोंडात टाकले. कट्!

"कोरडी हाय. भर जा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"जल्मभर ज्वारी दळून भाकरी कोण थापायलंय?"

पुढं ते वाकडं मूळ एकदाचं साफ झालं. दाढेवर टोपी बसली. खुशाल चावा, असं डॉक्टरीनबाईंनी सांगितलं.

तेव्हापासून दत्तराव ओट्यावर बसून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे कडाकडा फुटाणे खातात. परवा परमेश्वर तुरीची मूठ घेऊन आला. दत्तरावांनी हात पुढं केला.

"राम राम, दत्तराव. वहिनी हायत का घरात?"