चीफनी न उघडलेला डबा

चीफ गेले त्याला आता वर्ष होत आलं, पण माझा त्यांच्यावरचा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की! पण आधी आमचं भांडण पुरं करेन, कारण ते अर्धवट टाकून ते निघून गेले.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे चीफ म्हणत. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढून ते चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. या माणसाला बंद डबा म्हणून बघवत नसे. कुणाकडे कुरिअर आलं की हे कात्री घेऊन दारात हजर. समोर फराळाचा डबा आला की त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, चहा टाकेपर्यंत झाकण निघालेलं. एकदा वरच्या मजल्यावरच्या आजींनी काशीहून गंगाजलाचा सीलबंद लोटा आणला. चीफनी तो सहज हातात घेतला आणि सहजच उघडला. आजी किंचाळल्या. तर हे वर त्यांनाच म्हणतात, "आजी, तुम्ही रोज गंगेवर भाजी घ्यायला जाता आणि पाणी काशीहून आणता? कमाल आहे!" आमच्या गावात नदीलाच गंगा म्हणतात, आणि भाजीबाजार तिच्याच काठी. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तंबाखूच्या डब्याचं तर विचारूच नका. जहाजावर असताना त्यांना पाइपची सवय लागली होती. कुणी परदेशातून पाइपच्या तंबाखूचा डबा आणला, की तो त्याच संध्याकाळी उघडायचा, हा नियम. त्यांची मुलगी अनघा लहानपणापासून हे बघत आली होती. "बाबांकडे डब्याला रात्र दिसत नाही," असं ती हसून सांगायची. हे वाक्य लक्षात ठेवा.

काकूंना दम्याचा त्रास होता. चीफ बाल्कनीत बसून ओढायचे, पण बाल्कनीचं दार काही बंद नसायचं. काकू गेल्या, आणि तेराव्याच्या दिवशी पाहुणे उठल्यावर अनघा सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "तुमच्या धुरानं माझी आई गेली. या घरात धूर आहे तोवर मी इथं पाय ठेवणार नाही." अनघा राहते कुठे, तर इंदिरानगरला. अमेरिकेत नव्हे! स्कूटीवरून अर्ध्या तासाची वाट. आणि या बापलेकींनी त्या अर्ध्या तासाचा समुद्र करून ठेवला.

मी या सगळ्यात नंतर शिरलो, तेही माझ्या मूर्खपणानं. माझं पंपांचं दुकान आहे. छातीत खरखर व्हायला लागली म्हणून डॉक्टरांनी मला सिगारेट सोडायला सांगितली. मी एवढा शहाणा, की सिगारेट सोडून पाइप धरला. मेव्हण्यानं बाहेरून येताना पाइपही आणला आणि एक सीलबंद डबाही. तो चपटा, गोल डबा मी आधी लोणच्याच्या बरणीसारखा फिरवून पाहिला. मग गरम पाण्याच्या नळाखाली धरला. मग दुकानातला स्क्रू ड्रायव्हर आणून झाकणाच्या कडेत घातला आणि वरून ठोकला. झाकण वाकडं झालं, अंगठा फाटला, डबा बंदच. बायको म्हणाली, "हे घरात चालणार नाही. समोर जा."

चीफनी दार उघडलं. त्यांनी आधी डबा पाहिला, मग झाकण, आणि शेवटी माझा अंगठा.

"अरे पंपवाल्या, हा डबा आहे, बोअरवेल आहे का ठोकायला? आत ये. रक्त सांडू नकोस."

अंगठ्याला पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी माझी शिकवणी घेतली. बशीत एक जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं होतं. खास डब्यांसाठी ठेवलेलं. "झाकण बघ, मधे किंचित आत ओढलंय. आतली हवा काढून घेतलीय, म्हणून बाहेरची हवा झाकणाला दाबून बसलीय. तू एकटा तिच्याशी मारामारी करणार? नुसती थोडी वाट करून द्यायची." त्यांनी नाणं कडेच्या फटीत उभं घातलं आणि मनगट हलकेच फिरवलं. "आवाज ऐक."

फुस्स! एवढंच. झाकण आपसूक हातात आलं, आणि मनुका, गूळ, जुनं लाकूड असा काहीतरी वास खोलीभर झाला.

"हा आवाज आला म्हणजे डबा खरा," चीफ म्हणाले. "नाही आला, तर आधी कुणीतरी उघडलाय, नाहीतर कडेनं गंजून मेलाय. डबा खोटं बोलत नाही. आणि एकदा उघडला की परत तसा बंद होत नाही. जहाजाचं इंजिन खोलून बसवलंय मी, पण हे नाही जमलं कधी."

मी लगेच पाइप भरायला घेतला, तर हातावर चापट. "थांब! ओली आहे ती." तंबाखू वर्तमानपत्रावर पसरायची, हाताला कोरडी लागेपर्यंत बसून राहायचं. मला कुठला धीर! त्यांची पाठ फिरल्यावर मी पेटवलाच आणि जीभ अशी भाजली, की दोन दिवस वरणभात. चीफ पोट धरून हसले. "थांब" हा त्यांचा आवडता शब्द. लिफ्ट येत नाही? थांब. भाजी शिजली नाही? थांब. या एका शब्दापायी माझं डोकं किती वेळा फिरलं असेल, देव जाणे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. ते रोज तोंडात पाइप धरायचे, पण भरायचे नाहीत. डबा मी आणायचा, उघडायचे ते, वास घ्यायचे ते, ओढायचा मी. शेवटी मी विचारलं.

"सोडली मी."

"कधी?"

"तेराव्याला. ती बोलली, त्याच दिवशी."

मी उडालोच. "अहो, मग अनघाला सांगा ना!"

"का सांगू? म्हणेल, कशावरून? बापानं मुलीला पुरावा द्यायचा? तिला यावंसं वाटलं पाहिजे. थांब, येईल."

आणि मग त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. वरच्या फळीवर, काकूंच्या फोटोशेजारी एक हिरवा डबा होता. अनघा दुबईला गेली तेव्हा तिनं बाबांसाठी आणलेला. तो घरात आला त्याच संध्याकाळी काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मग तो उघडायचा राहिला तो राहिलाच. ज्या माणसाला शेजारणीचा गंगाजलाचा लोटा बंद बघवला नाही, तो मुलीनं आणलेला डबा वर्षानुवर्षं बंद बघत बसला होता. मला वाटलं त्यांना धरून गदागदा हलवावं. एक फोन! फोनला काय होत होतं? "तो डबा काढून टाका तरी," मी म्हणालो. "राहू दे," म्हणाले. "घरात तंबाखू ठेवून सोडली, तर ती सोडली."

मग तो वाढदिवस. चीफचा. मी बाल्कनीत पाइप पेटवून बसलो होतो, चीफ आपला रिकामा पाइप दातात धरून समोर. दुकानातून फोन आला, इथं नीट ऐकू येईना म्हणून मी पाइप रक्षापात्रात ठेवून जिन्यात आलो. बोलत बोलत एक मजला खाली गेलो. तेवढ्यात लिफ्टनं अनघा वर गेली असणार. फोन ठेवून मी वळतो तो ती जिन्यानं तरातरा खाली येताना दिसली. डोळे भरलेले.

"दादा, बाबा अजून ओढतात. मी डोळ्यांनी पाहिलं. घरभर धूर आहे."

"अहो, तो माझा पाइप आहे! त्यांनी केव्हाच सोडली. शपथ घेतो!"

"तुम्ही तरी त्यांची बाजू घेऊन खोटं बोलू नका. त्यांच्या तोंडात होता पाइप."

"रिकामा होता!"

"मग ते का नाही बोलले?" एवढं म्हणून ती गेली.

मी धावत वर. दारातल्या चपलांच्या कपाटावर श्रीखंडाचा डबा होता, तिनं आणलेला. चीफ दाराशी उभे. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वयानं वडिलांएवढा माणूस, पण मी त्यांच्यावर ओरडलो. "खाली जा! हाक मारा! स्कूटी काढतेय ती अजून!" चीफ बाल्कनीत गेले, कठड्याला धरून खाली वाकले. आता ओरडतील, आता ओरडतील, म्हणून मी वाट बघतोय. स्कूटी फाटकातून बाहेर पडली. ते वळले आणि मला म्हणाले, "थांब. आली ना आज? परत येईल." श्रीखंडाचा डबा त्या दिवशी त्यांनी उघडला नाही. मी उघडला, आणि दोघांनी खाल्लं.

त्या दिवसापासून मी पाइपला हात लावला नाही. अनघाला मीच दोन-तीनदा फोन केले. ती शांतपणे म्हणायची, "बाबांना सांगू दे." आणि बाबा म्हणायचे, "तिला विचारू दे." छ्या! एकाच कारखान्यातून निघालेले दोन नग. मी पंप विकतो. किती जुना, गंजलेला पंप असला तरी ठोकून, तेल घालून पाणी वर आणतो. या दोघांपुढे हात टेकले.

चीफ एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पाइप मांडीवर होता. रिकामा.

सगळे विधी झाल्यावर अनघा घर आवरायला आली. किल्ली माझ्याकडे होती. मी मदतीला म्हणून गेलो, पण तोंडाला कुलूप लावून. आता कुणाशी भांडायचं? ती काचेच्या कपाटापाशी आली आणि थांबली.

"हा तर मी आणलेला."

"हो."

"बाबांनी उघडला नाही?" तिनं डबा हलवून पाहिला, आतून सळसळ झाली. मग तिचा चेहरा परत घट्ट झाला. "उघडला असणार. परत लावून ठेवला असेल माझ्यासाठी, दाखवायला. बाबा आणि बंद डबा? शक्य तरी आहे का?"

माझा राग परत उसळला. "उघडून बघा," मी म्हणालो. "आत्ता. माझ्यासमोर."

ती स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली आणि झाकणात खुपसायला लागली.

"थांबा!" मी ओरडलो, आणि माझ्या तोंडून तो शब्द ऐकून मीच दचकलो. बशीतलं नाणं आणून तिच्या हातात दिलं. "फटीत उभं घाला. जोर नाही लावायचा. डबा बंद असेल तर आवाज येईल. आधी उघडलेला असेल तर येणार नाही. बाबांनी शिकवलंय मला."

नाणं तिच्या हातात गेलं आणि मला डब्याची कड दिसली. तांबूस गंज चढला होता. इतके पावसाळे त्या कपाटात काढले होते त्यानं. हवा शिरली असेल तर? आवाज आला नाही, तर ही पोरगी जन्मभर बापाला खोटारडा म्हणणार, आणि माझ्या शपथेला काय किंमत? मनात चीफना शिव्या घातल्या. अहो, या गंजक्या पत्र्यावर सगळं सोडून गेलात!

तिनं नाणं फिरवलं. काही नाही. नाणं घसरलं. जरा बाजूला, गंज कमी होता तिथं घालून तिनं परत मनगट फिरवलं.

फुस्स.

आवाज लहानसाच, पण दोघांनीही ऐकला. झाकण सुटलं, आणि मनुका, गूळ, जुनं लाकूड. चीफ असते तर आधी वाकून वास घेतला असता.

अनघा तशीच खाली फरशीवर बसली. "बंद होता," ती म्हणाली. "दादा, हा बंद होता."

तुम्ही एकदा विचारायचं होतं, त्यांनी एकदा सांगायचं होतं, हे मी दोघांनाही इतक्यांदा सांगून झालं होतं. ती रडली नाही. तिनं झाकण घाईघाईनं डब्यावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. ते टेकलं, पण हात काढला की सैल. परत दाबलं. परत सैल. गुडघ्यांत डबा धरून, सगळा भार टाकून ती दाबत राहिली.

"बसत नाहीये," ती म्हणाली. "दादा, बाबांनी तुम्हाला शिकवलंय ना? परत बंद कसा करायचा ते सांगा ना."