करंड्यातलं कार्ड: मेढा ते सांगली

"कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचं का?" असं कॅमेऱ्याने विचारलं तेव्हा मी "नाही" दाबलं, कॅमेरा बंद केला आणि कार्ड काढून आईच्या हातात दिलं. माझ्या घाबरटपणाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही एवढंच करा. त्या कार्डावर नवा फोटो काढू नका. जुना असतो त्याच जागेवर तो जाऊन बसू शकतो.

कार्डात सुमनमावशीच्या हळदीचे फोटो होते. मावशी ही आईची मोठी बहीण, मी लहान असल्यापासून मेढ्यात आमच्याकडेच राहिलेली. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर लिहायला-वाचायला तिनेच शिकवलं. गेल्या हिवाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर, तिने लग्न केलं आणि ती सांगलीला गेली. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. फोटोग्राफर नको, हा तिचाच हट्ट. हळद तेवढी आमच्या अंगणात झाली, आणि तिचे फोटो काढणारी मी एकटी.

"फोटो कधी पाठवतेस?" असं तिने दोन-तीनदा विचारलं. मी "पाठवते" म्हणत राहिले. मग तिने विचारणंच सोडलं आणि माझी झोप उडाली.

साताऱ्यातल्या एका दुकानदाराने "नवीन घ्या" एवढाच सल्ला दिला. सांगलीत विश्रामबागला असे फोटो परत काढून देणारा एक जण आहे, असं मैत्रिणीकडून कळलं. मावशीचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. आई म्हणाली, "मग जाऊ की तिच्याकडेच. फोटो मिळाले तर घेऊन जाऊ, नाही मिळाले तर खरं सांगू."

सकाळच्या एसटीने आम्ही मेढ्याहून साताऱ्याला आलो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास खिशाला जड जात नाही. कंदी पेढे घ्यायचे असतील तर आधी घ्या, कारण सांगलीची गाडी लागली की जागेसाठी पळावं लागतं. कंडक्टर तीन तास म्हणाला तरी चार धरा. कऱ्हाडपर्यंत रस्त्याची कामं चालू आहेत. पेठ नाक्याला हायवे सुटला की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो, आणि उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे गाडी अडकली की खिडकीतून बघत बसण्याखेरीज काही करता येत नाही.

मी मात्र पर्समध्येच बघत होते. आईने कार्ड देवघरातल्या जुन्या करंड्यात ठेवलं होतं, तिथून काही हरवत नाही म्हणून. तो करंडाच पर्समध्ये होता. शेजारच्या बाईंना राहवेना.

"सोनं हाय काय गं त्यात?"

"नाही हो, फोटोंचं कार्ड आहे. लग्नातले फोटो आहेत."

"आगं मग नीट धर की! सोनं काय, परत करता येतंय."

मग आष्ट्याला उतरेपर्यंत त्याच माझ्या पर्सवर लक्ष ठेवून बसल्या.

विश्रामबागचं दुकान एका जिन्याखाली होतं. तिथल्या दादांनी करंडा उघडला, कार्ड उजेडात धरलं आणि हसू दाबत विचारलं, "ताई, ह्याला हळदीकुंकू कुणी वाहिलंय?"

"मी," आई म्हणाली. "देवघरातला करंडा रिकामा कसा ठेवायचा?"

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या लालभडक झाल्या होत्या. त्यांनी त्या हलक्या हाताने पुसल्या. आधी अख्ख्या कार्डाची नक्कल करून घेतली, म्हणजे पुढची खटपट नकलेवर करता येते. फोटो निघाले तरच पैसे, हेही आधीच सांगितलं. "दोन तासांनी या, पण आशा बेताचीच ठेवा." समोर भडंग छान मिळते असं ऐकलं होतं. आईने खाल्ली. मी दुकानाच्या जिन्याकडे बघत बसले.

परत आलो तर पडद्यावर छोटे छोटे चौकोन उमटत होते. कासची फुलं. मग पिवळंधमक अंगण. मी आईचा हात दाबला. मग अचानक आमच्या कपाटाचा आरसा, आणि आरशात मावशी. हातात माझा कॅमेरा, ओठ मिटून हसण्याचा प्रयत्न. पुढच्या चौकोनात दुसरी साडी, दुसरं हसू.

"अगंबाई," आई म्हणाली, "ही आंब्याच्या रंगाची तर माझी!"

"हे पुसून टाकलेले फोटो हायेत," दादा म्हणाले. "असं कार्ड खणलं की तेही वर येतात. मोठे करून दाखवू?"

"नको!" मी जवळजवळ ओरडलेच. दुसऱ्याचं न विचारता उघडायचं नाही, हे मला मावशीनेच अक्षरओळखीबरोबर शिकवलं होतं. "सगळे पेनड्राइव्हवर घ्या, पण बघू नका."

"बरं ताई, डोळं मिटून कॉपी करतो."

मावशीच्या दारात मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कार्ड बिघडलं, मी लपवलं, आणि पेनड्राइव्हवर तिचे असे फोटो आहेत जे मी पाहायला नको होते.

"म्हणजे कार्ड बिघडलं होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी इथं आले ते तुला आवडलं नाही."

तिने माझ्या हातातली पर्स काढून घेतली आणि मला आत ओढलं.

हळदीचे निम्मे फोटो वाचले. तिचा सगळ्यात छान हसलेला फोटो खांद्यापर्यंत शाबूत आणि त्याखाली नुसता करडा. मावशी म्हणाली, "बरं झालं, पोट गेलं."

आरशातले फोटो मात्र तिने आतल्या खोलीत दार लावून एकटीने पाहिले. लग्न ठरताना काकांनी एक फोटो मागितला होता, त्यासाठीची ती खटपट होती. काका दाराबाहेरून म्हणाले, "आणि मला पाठवला आधारकार्डावरचा! तो बघूनही मी हो म्हटलं, हे लक्षात ठेवा."

"तुम्ही चहा टाका आधी," आतून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. येताना पर्स उघडून बघावीशी वाटली नाही. करंडा धुऊन देवघरात ठेवलाय, कार्ड पुन्हा वापरायचं नाही असं ठरवलंय.

आठवड्याने काकांनी त्यांच्या भिंतीचा फोटो पाठवला. फ्रेममध्ये हळदीचा फोटो नव्हताच. आंब्याच्या रंगाची साडी नेसलेली मावशी, आमच्या आरशात. मागे माझा विस्कटलेला पलंग, दोरीवर माझा टॉवेल, खिडकीत आईची तुळस. मी लाजून लिहिलं, "मावशी, अगं किती पसारा दिसतोय! दुसरा लाव ना."

तिचं उत्तर आलं: "घर दिसतंय, म्हणून तर हा लावला."