एका मशीनला दोन गाड्या

माझ्या साडूचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. पन्नाशी उलटली, आता खोटं कशाला बोलू? आम्ही वसईचे वाडीवाले, केळी आणि मोगऱ्यावर वाढलेले. तो देशावरून आलेला, माणिकपूरला फ्लॅट, कंपनीत मोठी नोकरी. इलेक्ट्रिक गाडी सासरी पहिली मी नेली. चार दिवस कौतुक झालं, सासूबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं. पाच महिन्यांत त्यानेही घेतली. माझ्याहून मोठी आणि माझ्याहून लवकर चार्ज होणारी. मग माझ्या गाडीला कोण विचारतो?

तेव्हापासून मला एक खोड लागली. फास्ट चार्जरवर तो दिसला की मी त्याच्या शेजारीच गाडी लावायचो, कारण मला त्याच्या पडद्यावरचा आकडा बघायचा असायचा. वीज किती जोरात आत शिरते ते त्या आकड्यावरून कळतं. माझा आकडा कायम रडका. शोरूममध्ये जाऊन भांडलो. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, "काका, ऐंशी टक्क्यांनंतर गाडी हळूच घेणार, पोतं भरत आलं की दाबून दाबून भरावं लागतं तसं. आणि गाडी पळवून आल्या आल्या लावू नका, बॅटरी तापलेली असते." मी ऐंशीला थांबायला लागलो, सावलीत गाडी निववायला लागलो. तरी त्याच्या शेजारी उभा राहिलो की आकडा पडायचाच. त्याचाही पडायचा, पण तो कधी कुरकुर करायचा नाही. मला त्याचाही राग यायचा.

मार्च महिन्यात एका दुपारी डहाणूहून फोन आला. सासूबाईंची थोरली बहीण आयसीयूत होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. भेटायची वेळ चार ते पाच, त्यानंतर आत सोडणार नव्हते. सासूबाईंनी विचारलं, "कोणाच्या गाडीतून जायचं?" साडू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "माझ्या. चार्ज भरपूर आहे."

भरपूर कसला, सकाळी फुलं घेऊन दादरला जाऊन आलो होतो. निम्म्याहूनही कमी होता.

साडू आणि मेहुणी त्यांच्या गाडीतून निघाले. तो पुढे जाऊ नये म्हणून हायवेला मी गाडी पिटाळली, एसीही फुल ठेवला. तरी विरार फाट्यापुढे त्याने मला मागे टाकलंच. मनोरजवळच्या हॉटेलच्या चार्जरवर पोचलो तेव्हा माझे नऊ टक्के उरले होते. तोही चार्जिंगलाच थांबला होता, पडद्यावर विजेच्या जोराचा आकडा पन्नासच्या वर. कोपऱ्यात दुसरं मशीन रिकामं होतं. मी सवयीने त्याच्याच मशीनची दुसरी चार्जिंगची गन ओढली आणि माझ्या गाडीला लावली.

त्याचा आकडा खाली आला, माझा तर वीसही गाठेना. पंधरा मिनिटं गेली. सासूबाई मागच्या सीटवर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. मला मात्र, खरं सांगतो, त्याचा आकडा पडलेला बघून बरं वाटत होतं.

तिथला वॉचमन आला. "दोघांनी एकाच मशीनला का लावली? करंट अर्धा अर्धा होतो ना. ते पलीकडचं मोकळं होतं, आता लागली तिथं टॅक्सी."

मी मान वळवून बघितलं, टॅक्सी लागली होती. जन्मभर वाडीला पाणी सोडणारा माणूस मी. एका पंपाचं पाणी दोन पाटांत सोडलं की दोन्ही वाफे तहानलेले राहतात, हे मला शेंबडा असल्यापासून माहीत आहे. आणि इथे अक्कल गहाण टाकली होती.

सव्वातीन झाले. साडू म्हणाला, "दादा, मी काढतो माझी. तुम्ही भरून घ्या, आई तुमच्या गाडीत आहेत."

तेवढं चांगलंही त्यानेच वागावं? माझं डोकं फिरलं. पण माझ्या तापलेल्या गाडीला डहाणूपुरतं भरायलाच पाऊण तास लागला असता. त्याच्या गाडीला दहा मिनिटं पुरली असती.

सासूबाईंनी काच खाली केली. "जावई, मला ताईला बघायचंय हो. कोणाच्याही गाडीतून न्या."

मी माझी गन काढली. त्याचा आकडा लगेच पन्नासच्या वर चढला. सासूबाईंना हात धरून मीच त्याच्या गाडीत बसवलं आणि त्यांची पिशवी मेहुणीच्या मांडीवर ठेवली.

पाचला दहा मिनिटं असताना त्या पोचल्या. मावशींनी ओळखलं, हात धरला. रात्री मावशी गेल्या.

सासूबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, धाकट्या जावयामुळे माझी ताईशी भेट झाली. साडू दर वेळी म्हणतो, "दादांनी त्यांची गन काढली म्हणून." मी त्याला गप्प करतो. लोकांना वाटतं, माणूस किती साधा. ती गन मी लावली कशाला होती, हे कुणी विचारू नये म्हणून मी त्याला बोलू देत नाही.