विणकरांच्या गल्लीतून पळालेला माणूस

पोलिसातल्या नोकरीत बऱ्याच केसेस हाताळल्या, बऱ्याच विसरलोही. कुंभकोणमची ही एक मात्र डोक्यातून जात नाही.

गावाशेजारच्या दारासुरमच्या कडेला मोठी गृहवसाहत उभी राहत होती. रस्त्यासाठी बिल्डरने पाण्याचा जुना पाट बुजवला. आता पाऊस पडला की पाणी शेजारच्या विणकरांच्या गल्लीत शिरणार, आणि त्यांचे माग तर जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले. गल्लीने तक्रार केली, तहसीलदारांपुढे सुनावणी लागली. गल्लीतर्फे बोलणारा एकच, तिशीतला एक विणकर. बाकीचे साहेब दिसला की गप्प होणारे.

सुनावणीच्या आदल्या सकाळी वसाहतीच्या पंपाची केबल कोणीतरी तोडली. प्लॉट विकणाऱ्या एका एजंटाचा ठाण्यात फोन आला, "सहा वाजता तो विणकर कुंपणावरून उडी मारून गल्लीतून पळाला. मी डोळ्यांनी पाहिलं." जबाब घेतला, गुन्हा नोंदवला, विणकराला ताब्यात घेतलं.

"सहाला कुठे होतास?"

"गल्लीत, साहेब. ताण्याला खळ लावत होतो."

"साक्षीदार?"

"सगळी गल्ली."

सगळी गल्ली म्हणजे त्याचीच माणसं! असली साक्ष कोर्टात किती टिकते, हे मला सांगायला नको. बाहेर त्याची बायको बसून होती. मला म्हणाली, "साहेब, हा उद्या आत राहिला तर आमच्यासाठी बोलणार कोण?" तिकडे वसाहतीचा मॅनेजर सारखा फोन करत होता, अटक दाखवली का, कोर्टात कधी नेणार. फिर्यादीला इतकी घाई झाली की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी जीप उभी केली. उभी केली म्हणजे करावीच लागली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेशमी धाग्यांचा ताणा पसरलेला, दोन्ही बाजूंना बायामाणसं कुंचे घेऊन त्यावर खळीची पेज फिरवत होती. ऊन चढायच्या आत ते काम उरकावं लागतं. तिथून पळणं सोडा, मांजर गेलं असतं तरी ओरडा झाला असता.

मागून हॉर्न वाजला. वसाहतीवर सिमेंट नेणारी लॉरी. ड्रायव्हर उतरून माझ्याकडेच कुरकुरत आला.

"रोजची कटकट आहे साहेब! कालही असाच अडकलो. मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या."

"काल किती वाजता?"

"याच वेळी. तुम्ही नेलंत ना, त्यानेच थांबवलं. 'अण्णा, खळ वाळू दे' म्हणाला. चांगला भांडलो मी त्याच्याशी."

बिल्डरचा माणूस आरोपीच्या बाजूने साक्ष देत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला हसू आवरेना. त्याला तसाच जीपमध्ये घातला.

एजंटाला बोलावलं. तो तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्याच मराठी घरांतला. खुर्चीवर टेकताच तमिळ सोडून घरच्या बोलीवर आला, "राव, आपण तर घरचीच माणसं."

"मग घरी ये, कॉफी पाजतो. हे ठाणं आहे. तो पळाला तेव्हा गल्लीत काय होतं?"

"काही नाही. रस्ता मोकळा होता, म्हणून तर पळाला."

मी ड्रायव्हरला आत घेतलं आणि तेच विचारलं. त्याचं सांगून होईपर्यंत एजंटाचा चेहरा उतरला. गल्ली त्याने कायम दुपारीच पाहिली होती. केबल मॅनेजरच्या सांगण्यावरून आपणच तोडली, हेही त्याने कबूल केलं.

अकराला सुनावणी. विणकराला मीच जीपमधून कचेरीत नेलं. पोलिसांची जीप पाहून तिथे जमलेल्या गल्लीतल्या बायका रडायलाच लागल्या. तो मोकळ्या हातांनी उतरला आणि सरळ आत जाऊन बोलायला उभा राहिला. पुढे बसलेला मॅनेजर घाईने उठला. मी म्हटलं, "बसा, बसा. ऐकून घ्या. मग तुम्हाला न्यायचंच आहे."

या केसने मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलणारा माणसाबद्दल सगळी तयारी करून येतो, जागेबद्दल करत नाही. त्यानंतर मी आरोपीला विचारण्याआधी साक्षीदाराला रस्त्याचं वर्णन करायला लावत असे.

वसाहत व्हायची ती झालीच. पण तहसीलदारांनी पाट पुन्हा खणून घेतला, आणि पुढच्या पावसाळ्यात गल्लीतल्या एकाही मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलं नाही.