ओवाळणीतला पूल

दुधना नदीवरचा पूल कोणी आणला, असं आज त्या गावात विचारलं तर लोक पुढारी आबासाहेबाचं नाव सांगतात. कोनशिलेवर नाव त्याचंच आहे, आणि कोनशिलेशी कोण वाद घालणार? एखादं जुनं माणूस भेटलं तर ते मात्र पुलाला लागून असलेल्या शेवटच्या घराकडं बोट करतं. ते घर बायनाबाईचं. तिच्यासमोर कोणी पुलाचा विषय काढला की ती उठून आत जाते.

बायनाबाईचं सासर नदीच्या मानवतकडच्या काठावर, माहेर वालूरकडच्या. ओट्यावर उभं राहिलं की माहेरच्या मारुतीचं शिखर दिसायचं, आणि पावसाळ्यात नुसतं दिसायचंच. नदी भरली की पलीकडं जायला अर्धा जिल्हा हिंडून जावं लागे. तरी पंचमीला तिला न्यायला मुराळी यायचाच. धाकटा भाऊ, मुंजाजी. गुऱ्हाळातली रस आटवायची मोठी काहील तो पाण्यात लोटायचा, दोन पट्टीचे पोहणारे काहिलीची कड धरून पोहायचे आणि बायनाबाई आत डोळे गच्च मिटून नदीला नवस बोलत बसायची.

"डोळे उघड की आक्का, म्या हाय ना!" मुंजाजी हसून म्हणायचा. आई शेतात जायची तेव्हा ह्याच पोराला बायनाबाईनं कडेवर वागवलं होतं. बिनबोलावता माहेरी जायचं नाही, न्यायला कोणी आलं तरच जायचं, ही तिकडची रीत. मुंजाजीनं एकाही पंचमीला बहिणीला ताटकळत ठेवलं नाही.

आई गेली त्या दिवशी मात्र पाण्यात काहील टिकेना. आईच्या चितेचा धूर बायनाबाईनं ह्या काठावरून पाहिला. तिथून तिच्या डोक्यात पूल शिरला तो शिरलाच.

बायका गोळा करून ती तहसीलला गेली. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिनं घोषणा दिल्या. पुढारी आले, फोटो काढून गेले. भूमिपूजन एकदा झालं, मग सरकार बदललं म्हणून पुन्हा झालं. दोन्ही वेळचे नारळ गावानंच आणले. खांब उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. त्यांच्या सावलीला शेळ्यांच्या दोन-चार पिढ्या रवंथ करून गेल्या. विचारायला जावं तर उत्तर एकच, पलीकडं जोडरस्त्याला जमीन मिळत नाही. तिथं जमीन दोघांची होती. आबासाहेब वीतभर सोडायला तयार नव्हता. दुसरी जमीन मुंजाजीची.

त्या भाऊबीजेला मुंजाजी आला. बायनाबाईनं ओवाळलं. तो ताटात साडी ठेवायला लागला तसा तिनं त्याचा हात धरला.

"साडी नगं मुंजा. बांधाकडची पट्टी दे, रस्त्याला."

ओवाळणीच्या ताटात बहिणीनं मागितलं तर भावानं नाही म्हणायचं नसतं. हे ठाऊक होतं म्हणूनच तिनं तिथं मागितलं. शेतात मागितलं असतं तर त्यानं बायकोला विचारलं असतं, चार दिवस विचार केला असता.

"दिली," मुंजाजी म्हणाला. "तुह्यापेक्षा पट्टी मोठी हाय का?"

त्यानं मोबदल्याचं नावही काढलं नाही. ओवाळणीचा मोबदला मागतात होय कोणी? 'लागेल तेवढी जमीन' असं लिहिलेल्या कागदावर त्यानं डोळे झाकून सही केली. आबासाहेबाचे डोळे मात्र टक्क उघडे होते. रस्त्याची आखणी हळूच सरकली, त्याची मोसंबीची बाग वाचली, आणि मुरमाचे ट्रक रिकामे झाले ते मुंजाजीच्या विहिरीत. बापानं खांदलेली, भर उन्हाळ्यात पाणी देणारी विहीर. मुंजाजी बोंबलत धावला, तर रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं त्याचीच सही त्याच्यापुढं धरली.

तो येऊन भांडला असता तर बरं झालं असतं. आली ती भावजय, कडूबाई. दारातच उभी राहिली, पाण्याला शिवली नाही.

"तुमचा पूल झाला वन्सं, आमचं पाणी गेलं. आता लेकरं घेऊन कारखान्याला ऊस तोडायला जायलाव आमी."

"म्या पट्टी मागितली व्हती माय. हीर न्हाई मागितली."

"घरी येऊन इचारायचं व्हतं. ताटात कशाला मागितलं?"

कडूबाई आली तशी दारातूनच वळली.

पूल वाजतगाजत सुरू झाला. मंडपात आबासाहेबानं तिला शाल-नारळ दिला, टाळ्या पडल्या. ती पलीकडच्या काठाकडं बघत राहिली. तिकडून कोणी आलं नाही. पंचमीला मुराळीही आला नाही. माहेर आता पायी जाण्याच्या अंतरावर. शेजारणी म्हणायच्या, "जा की बाई, पूल तर तुमीच आणलाव." आता ह्यांना काय सांगावं? भरल्या नदीतून जो न्यायला यायचा, त्याला आता कोरड्या रस्त्यानं येववत नाही, हे तिलाच अजून गिळवत नव्हतं.

लेकरांचे हाल बघून मुंजाजीनं एका हंगामातच ऊसतोड सोडली. मग तो मानवतच्या मोंढ्यातल्या बाजारात हमालीला लागला. रोज मोटारसायकलवर त्याच पुलावरून, बहिणीच्या दारावरून जायचा. मान सरळ. बायनाबाई ओट्यावर बसून ती सरळ मान बघायची आणि स्वतःच्या जिभेला शिव्या द्यायची.

गेल्या भाऊबीजेला संध्याकाळी ती निरांजन लावलेलं ताट घेऊन रस्त्यावरच उभी राहिली. पेटल्या दिव्यापुढून गाडी काढायची मुंजाजीची हिंमत झाली नाही. तो उतरला, टोपी सारखी केली. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. त्याच्या खांद्यावर भुसा होता, तो तिनं झटकला.

"आता काय मागायलीस, आक्का?" त्यानं विचारलं.

आवाजात राग असता तर ती रडून मोकळी झाली असती. तो भ्याला होता. त्याची नजर ताटावर होती आणि मागेल ते द्यायची त्याची तयारी होती.

पंचमीला न्यायला ये, एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण ताटापुढं मागितलं असतं तर तो आला असता, यावंच लागलं असतं त्याला.

"काई नगं," ती म्हणाली. "जा, कडू वाट बघत आसंल."

त्यानं गाडी सुरू केली आणि तो पुलावरून निघून गेला.